रविवारचा दिवा

“सरक गं पोरी, नानाचं तोंड दिसंना मला,” असं म्हणत गुट्टेकाकू माझ्या निम्म्या मांडीवर येऊन बसल्या. त्यांच्या ओच्यात भाजलेल्या शेंगा होत्या. आमच्या रांगेतल्या आणखी चार-पाच जणी आधीच सतरंजीवर जागा धरून होत्या.

टीव्हीच्या लाकडी खोक्याचं शटर उघडायचा मान आईचा. ती पदराला हात पुसत आतून आली, शटर सरकवलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात तिच्या ठरलेल्या जागी टेकली. तिथून समोर टीव्ही दिसायचा, आणि मान वळवली की ओट्यावरचं दूध आणि ओट्याशेजारच्या कोनाड्यातला देव्हारा. दूध आणि देव, दोन्हींवर नजर पाहिजे, नाहीतर दोघंही उतू जातात, असं ती म्हणायची.

परळीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतली ही गोष्ट. मी तेव्हा नववीत होते. अख्ख्या जिल्ह्यात अंधार पडला तरी आमचे दिवे कधी जायचे नाहीत, त्यामुळे टीव्ही असावा तर वसाहतीत, असं सगळे म्हणत. आणि रविवारी संध्याकाळी ‘मधली खोली’ लागायची.

आता कुणाला आठवत असेल-नसेल, म्हणून सांगते. नाना आणि माई कोठीवाले, त्यांची तीन मुलं, एक सून, आणि चार दिवसांसाठी म्हणून आलेला, कधीच परत न गेलेला मेहुणा. त्यांचं बिऱ्हाड असं होतं की कुठंही जायचं तर मधल्या खोलीतूनच जावं लागायचं, आणि मधल्या खोलीत कुणी ना कुणी नको त्या अवस्थेत सापडायचं. झालं, एवढंच. माझ्या मुलीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग यात हसायचं कुठे?” आम्ही तर लोळायचो.

प्रत्येक भागाच्या शेवटी घरात सामसूम व्हायची. नाना दारापाशी उभे राहून विचारायचे, “आले का सगळे घरी?” आतून एकेक आवाज यायचा, “आलो,” “आले,” “आलोय की हो.” मग नाना म्हणायचे, “मग लावतो कडी.” कडीचा आवाज व्हायचा आणि नावं वर सरकायला लागायची.

आमच्या घरातही नानांना उत्तर द्यायची रीत पडली होती. मी, आई, अण्णा, आणि मेहुण्याच्या आवाजात माझा मोठा भाऊ दिगू. दिगू औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेला, होस्टेलवर राहायला लागला, तेव्हापासून त्याच्या वाटणीचं आई ओरडायची, “दिगू येतोय!” गुट्टेकाकू लगेच विचारायच्या, “कुठवर आला?” आई एका रविवारी म्हणायची, “जालन्यापर्यंत.” पुढच्या रविवारी, “सेलूपर्यंत.” अशी त्याची गाडी दर आठवड्याला एकेक स्टेशन पुढे यायची, आणि सुट्टी लागली की पोरगा खरंच दारात उभा राहायचा. मग पुन्हा औरंगाबादपासून सुरुवात.

दुसरी एक रीत होती, ती अण्णांची. तिन्हीसांजेचा दिवा रोज आई लावायची, पण रविवारी ती ‘मधली खोली’ सोडून उठायची नाही. मग रविवारचा दिवा अण्णा लावायचे. घरात कुणी लग्न करून येवो, कुणी परीक्षेत नापास होवो, कंट्रोलरूमला काही बिघडो, दिवा म्हणजे दिवा. अण्णा देवभोळे नव्हते, पण नियमाचे पक्के होते. “मशीन असो नाहीतर देव, वेळच्या वेळी हात लावला की कटकट नाही,” असं त्यांचं म्हणणं.

त्या रविवारी ‘मधली खोली’ सुरू व्हायच्या बरंच आधी गेटवरचा माणूस सायकल घेऊन आला होता. “पाथरीकर साहेब, ऑफिसात फोन आलाय. चला म्हणाले.” हे नेहमीचंच. युनिट बंद पडलं की सुट्टीच्या दिवशीही अण्णांना बोलावणं यायचं.

“बसलं वाटतं तुमचं मशीन,” आई म्हणाली.

“बसलं असेल. येतो उठवून,” अण्णा म्हणाले. चपला घालून त्याच माणसाच्या सायकलवर मागे बसून गेले. जाताना मला म्हणाले, “वैजू, काय काय झालं ते सांग गं मला नंतर.” म्हणजे सिरीयलमध्ये.

तो भाग मला पाठ आहे. थोरल्या मुलीला बघायला पाहुणे आलेत, बैठकीत बसलेत. नाना आंघोळ करून पंचा गुंडाळून मधल्या खोलीत आलेत, आणि त्यांचं धोतर वाळत पडलंय बैठकीच्या दोरीवर, अगदी मुलाच्या बापाच्या डोक्यावर. आता नाना बाहेर यायचे कसे? माई आत-बाहेर करतेय. मुलाचा बाप विचारतोय, “यजमान कुठं आहेत?” माई म्हणते, “ते... ते मधे आहेत.”

“अगं बया बया! मेलं मेलं हे बेणं!” गुट्टेकाकू माझ्या मांडीवर थापा मारत होत्या. माझी मांडी लाल झाली होती, पण मीही हसत होते.

मागच्या दाराची कडी वाजली. ते दार स्वयंपाकघरात उघडायचं. आईनं टीव्हीवरची नजर न काढता विचारलं, “आलात का? उठलं का मशीन?”

“हो,” आतून अण्णांचा आवाज आला.

“दिवा लावा हो तेवढा. मी काही आता उठत नाही.”

“लावतो. बघ तू.”

पाचेक मिनिटं गेली असतील. दुधाचा वास यायला लागला. आईनं मला ढोसलं, “वैजू, जा, गॅस बारीक कर.” माझी काय जायची इच्छा नव्हती. नाना नेमके गाद्यांच्या ढिगात शिरत होते. मी “अगं काय आई” करत उठले, आत गेले आणि गॅस बारीक केला.

अण्णा देव्हाऱ्यासमोर उभे होते. हातात काडेपेटी. निरांजनात वात होती, तेल होतं, सगळं होतं. ते नुसते उभे होते. मला वाटलं, काड्या सर्दावल्यात.

“द्या, मी लावते,” म्हणून मी हात पुढे केला.

त्यांनी काडेपेटी मागे घेतली. “नको.”

“का?”

“दिवा नको लावू. आपल्याला सुतक आहे.”

ते इतक्या हळू बोलले की मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाहेर पुन्हा हशा झाला. मी विचारलं, “आजी गेली?”

त्यांनी मान हलवली. नाही म्हणून.

“मग?”

अण्णांनी काडेपेटी देव्हाऱ्याच्या कडेला अगदी सरळ ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “विहिरीवर पोहायला गेली होती पोरं. दिगू वर आला नाही.”

मी तोंड उघडलं असणार, कारण त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्या हाताला सायकलच्या लोखंडाचा वास होता. “ओरडू नको. वैजू, ऐक माझं. ऑफिसची जीप येतेय. ती आल्याशिवाय आपल्याला काही करता येत नाही. जाताही येत नाही. तोवर...” त्यांनी बाहेर बोट दाखवलं. उंबऱ्यात आईची पाठ दिसत होती. ती हसून हसून हलत होती. “तोवर हसतेय ती तेवढं हसू दे. एवढं संपू दे. परत कधी हसेल ती?”

“अण्णा, सांगा तिला,” मी म्हणाले. की नुसतं मनात म्हणाले, कोण जाणे.

“सांगणारच आहे. जा, तू तिच्याजवळ जाऊन बस. रडू नको. एवढं कर माझ्यासाठी.”

मी जाऊन बसले. चौदा वर्षांच्या पोरीला असलं काम सांगू नये, पण त्यांना तरी दुसरं कोण होतं? अण्णाही बाहेर आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. गुट्टेकाकूंनी ओच्यातल्या मूठभर शेंगा त्यांच्या हातात दिल्या. “घ्या भाऊ. आज लय भारी लागलंय. नाना गादीत घुसलाय.”

अण्णांनी शेंगा घेतल्या आणि मूठ मिटून धरली.

आईनं मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. मग मागे स्वयंपाकघरात बघितलं. दूध बघत असेल, असं मला वाटलं. मग माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीकडे बघत राहिले आणि दात दाखवले. त्याला हसणं म्हणायचं तर म्हणा.

आई पुन्हा टीव्हीकडे वळली.

नाना चादर गुंडाळून बाहेर आले. मुलाच्या आईला वाटलं, घरात कुणी साधुमहाराज उतरलेत, आणि ती त्यांच्या पाया पडली. मग मुलाचा बाप पडला. मग मुलगा. नानांनी चादर सावरत आशीर्वाद दिला, “सुखी भव,” आणि आई अशी हसली, अशी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिला ठसका लागला. गुट्टेकाकू तिच्या पाठीवर हात फिरवायला लागल्या. “अगं दमानं, दमानं कुमुदबाई, मरशील की!” मी आईला इतकं हसताना त्याआधी बघितलं नव्हतं.

मला वाटलं, आता पुरे. बंद करा तो टीव्ही. दिवे गेले तर बरं होईल, असंही वाटलं. पण आमच्याकडे दिवे कुठले जातात!

शेवटी नाना दारापाशी आले. “आले का सगळे घरी?”

गुट्टेकाकूंनी माझ्याकडे बघितलं, कारण आमच्यात पहिलं उत्तर माझं असायचं. माझ्या तोंडून आवाज फुटेना. अण्णाही गप्प. मग आईनंच दिलं. नेहमीपेक्षा जोरात, अगदी शेजारच्या रांगेला ऐकू जाईल असं.

“दिगू येतोय!”

“कुठवर आला गं आज?” गुट्टेकाकू.

“आला,” आई म्हणाली. “जवळ आला.”

नानांनी कडी लावली.

बायका उठायला लागल्या, पदर झटकायला लागल्या. अण्णा म्हणाले, “गुट्टेबाई, तुम्ही जरा थांबा.” बाकीच्या गेल्या. अण्णा आईसमोर खाली जमिनीवर बसले. त्यांना तसं बसलेलं मी कधी बघितलं नव्हतं. त्यांनी तिला सांगितलं. काय शब्द वापरले ते मला आठवत नाही. गुट्टेकाकूंनी केलेला आवाज तेवढा आठवतो.

आई रडली नाही. तिनं विचारलं, “तुम्हाला कधी कळलं?”

“मघाशी.”

“मघाशी म्हणजे?”

“फोन आला तेव्हा.”

“म्हणजे तुम्ही घरात आलात तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“आणि तुम्ही मला हसू दिलंत,” आई म्हणाली. “माझं पोर तिकडं विहिरीच्या काठावर पडलंय आणि तुम्ही मला इथं चारचौघींत दात काढू दिलेत.”

“कुमुद, मला वाटलं...”

“काय वाटलं तुम्हाला?”

अण्णांची मूठ अजून मिटलेलीच होती. गुट्टेकाकूंनी ती सोडवली. शेंगांचा नुसता भुगा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगूला आणलं. त्याविषयी मी कधी कुणाशी बोललेले नाही, आजही बोलणार नाही.

तेरावं झाल्यावर आमच्या घराला एक नवी रीत लागली. आई अण्णांशी बोलायची बंद झाली. भांडली असती तर परवडलं असतं. ती भांडलीच नाही. “वैजू, त्यांना सांग, पान वाढलंय.” “वैजू, त्यांना सांग, पाहुणे आलेत.” अण्णा चार फुटांवर बसलेले असायचे. मी मान वळवून म्हणायचे, “अण्णा, पान वाढलंय.” अण्णा म्हणायचे, “आलो.” सुरुवातीला वाटायचं, महिना-दोन महिन्यांत निवळेल. लोकांनी समजावलं, आजीनं समजावलं, मामा येऊन बसला. आईचं एकच, “माझा तो अर्धा तास मला परत आणून द्या म्हणावं. मग बोलते.”

वसाहतीतही बोललं जायचं. गुट्टेकाकू कधी काही म्हणाल्या नाहीत, पण बाकीच्या होत्याच की. “पोरगा तिकडं गेला नि ही इकडं खिदळत होती,” असं कुणीतरी नळावर म्हणालं आणि ते फिरत फिरत घरी आलं. ज्याचं जळतं त्याला कळतं. अण्णा त्या बाईच्या दारात जाऊन सांगून आले, “तिची काही चूक नाही. माझी आहे. मी सांगितलं नाही.” साऱ्या वसाहतीला त्यांनी ते सांगितलं. ऑफिसात सांगितलं. दोष असा अंगावर घेतला, की जणू पोराला विहिरीत त्यांनीच ढकललं.

टीव्ही गुट्टेकाकूंना देऊन टाकला. रविवारचा दिवाही आईनं अण्णांच्या हातून काढून घेतला. अण्णांनी परत कधी काडेपेटीला हात लावला नाही.

माझं लग्न झालं, मी लातूरला आले. अण्णा निवृत्त झाले, वसाहत सुटली, ती दोघं गावात भाड्याच्या घरात राहायला लागली. मी नसताना निरोप कोण पोचवतं, असं मला वाटायचं. एकदा न सांगता गेले तर कळलं. आई स्वयंपाकघरातून देवाला सांगायची, “देवा, पान वाढलंय म्हणावं.” आणि अण्णा उठून यायचे. मी तिथंच दारात बसून रडले. आईला म्हणाले, “अगं, किती वर्षं? काय केलं गं त्यांनी? तुझ्यासाठीच केलं ना?” आई म्हणाली, “तू यात पडू नको.” सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते हिच्याकडे बघून.

अण्णा शेवटी माझ्याकडेच होते, आजारी. एका दुपारी मला म्हणाले, “वैजू, तू होतीस तिथं. तू सांग. चुकलं का माझं?”

“नाही अण्णा.”

“हं,” ते म्हणाले. “तुला काय, तू म्हणशीलच. तिनं म्हणायला पाहिजे.”

आई शेजारच्याच खोलीत होती. दार उघडं होतं. मी मुद्दाम मोठ्यांदा म्हणाले, “तुमचं काही चुकलं नाही.” आतून काही आवाज आला नाही. अण्णा थोडा वेळ दाराकडे बघत राहिले, मग कुशीवर वळले. त्यानंतर आठवडाभरात ते गेले. आई त्यांच्या उशाशी बसली होती, पाणी तिनंच घातलं. पण बोलली नाही.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई माझ्याकडेच असते. अजून हिंडतीफिरती आहे, डोळे चांगले आहेत, कानांना जरा कमी ऐकू येतं. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीनं शोधून काढलं की कुणीतरी ‘मधली खोली’चे जुने भाग इंटरनेटवर टाकलेत. मला ते घरात नकोच होते. मी तिला रागावले. पण आईनं ऐकलं. दोन-चार दिवस गेले. मग एक दिवस संध्याकाळी, मी कणीक मळत होते, येऊन म्हणाली, “लाव तो.”

“कोणता?”

“चादरीचा.”

“आई, कशाला गं?”

“लाव म्हणते ना.”

मी हात धुतले, मोबाईल तांब्याला टेकवून टेबलावर उभा केला. चित्र धुरकट, आवाज फुटका. नाना, माई, मेहुणा. त्यांतलं आज कुणी हयात असेल की नाही, देव जाणे. धोतर दोरीवर. “यजमान कुठं आहेत?” “ते मधे आहेत.” आई गालावर हात ठेवून बघत होती. नाना गाद्यांत पुरते घुसले तेव्हा ती म्हणाली, “इथं.”

“काय इथं?”

“इथं मी मागं वळून बघितलं.”

मी मोबाईल थांबवला. “काय बघितलंस?”

“देवाजवळ अंधार होता.”

मला आधी कळलंच नाही. 

“यांच्या हातून दिवा राहिला का कधी?” आई म्हणाली. “सोयर-सुतक सोडून? मी दिवा लावा म्हटलं, हे लावतो म्हणाले, आणि लावला नाही. त्यांना सांगायचं नव्हतं, पण सुतकात दिवा लावणंही जमलं नाही. खोटं बोलायचं तर नीट बोलावं माणसानं. मग तुझं तोंड बघितलं. सासूबाई गेल्या असत्या तर येऊन सांगितलं असतं की. बाकी सगळे डोळ्यांसमोर होते. दिगूच नव्हता.”

“तुला माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“मग उठली का नाहीस? बोलली का नाहीस?”

“उठवेना मला.  म्हटलं, हा चालू आहे तोवर हे काही सांगणार नाहीत. बसू.” ती मोबाईलच्या थांबलेल्या चित्राकडे बघत होती. गाद्यांच्या ढिगातून नानांचा एक पाय बाहेर आला होता. “आणि मला हसू आलं, वैजू. खोटं नव्हते हसत मी. हा मेला चादर गुंडाळून आला नि मला खरंच हसू आलं. पोरगा गेला हे कळलेलं, आणि हसू आवरेना. असली कसली गं आई मी?”

“मग अण्णांना का...” माझा आवाज चढला. “इतकी वर्षं! आई, ते मरेपर्यंत विचारत होते. तुझ्याकडून एक शब्द पाहिजे होता त्यांना. एक! तू दाराआड बसून ऐकत होतीस!”

“ऐकत होते.”

“मग?”

“कुठं टाकू गं ते?” आई म्हणाली. “कुणावर तरी टाकायला पाहिजे होतं. त्यांनी हात पुढे केला, मी त्यांच्यावर टाकलं. एकदा टाकलं, मग उचलता येईना.”

मला तिचा राग आला. अजून आहे. म्हातारी आहे, आई आहे, सगळं खरं. पण मला त्या क्षणी तो मोबाईल भिंतीवर मारावासा वाटला. मला अण्णांची ती मूठ दिसत होती, शेंगा धरलेली. सगळ्या वसाहतीच्या दारोदार जाऊन “माझी चूक” म्हणणारा माणूस दिसत होता. मी कणकेच्या परातीवर ताट झाकलं.

बाहेर अंधार व्हायला आला होता. भिंतीवर अण्णांचा फोटो आहे, त्याला मी चंदनाचा हार घातलाय. आई त्याच्याकडे बघत होती.

“वैजू,” ती म्हणाली, त्या जुन्याच सवयीनं. “त्यांना सांग.”

“काय सांगू?”

“मला कळलं होतं म्हणून.”

आयुष्यभर मी तिचे निरोप पोचवले होते. पान वाढलंय, पाहुणे आलेत, औषधाची वेळ झाली. हा एक निरोप तिनं वेळेवर दिला असता तर मी तो दहा वेळा पोचवला असता, ओरडून पोचवला असता.

“तूच सांग,” मी म्हणाले.

ती फोटोकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, पण आवाज काही आला नाही. बोलायची सवयच मोडली होती. मला तिथं उभं राहवेना, आणि काय करावं तेही सुचेना, म्हणून मी मोबाईलवर बोट ठेवलं. पुढचं सुरू झालं. साधुमहाराज, पाया पडणं, आशीर्वाद. त्या फुटक्या आवाजातला हशा. आम्हा दोघींपैकी कुणी हसलं नाही. मग घरात सामसूम झाली आणि नाना दारापाशी आले.

“आले का सगळे घरी?”

“नाही,” आई म्हणाली.

नानांनी कडी लावली.